पाठदुखीवर व्हीआर गेम: खेळाडूंच्या रिहॅबमध्ये हेडसेट नेमकं काय करतो?

नाशिकरोडच्या पुढचं एकलहरे बहुतेकांना माहीत आहे ते औष्णिक वीज केंद्रामुळे. २१० मेगावॉटचे तीन संच आणि लांबूनच दिसणारी धुराडी ही या गावाची ओळख. पण नाशिकच्या आसपासच्या कुठल्याही गावासारखीच इथलीही पहाट आता धावणाऱ्या मुला-मुलींची असते. कुणी पोलीस भरतीसाठी १६०० मीटरची वेळ लावतं, कुणी लष्कराच्या तयारीत असतं, कुणी कबड्डी खेळतं, तर कुणी लेदर बॉलवर वेगवान गोलंदाजी करतं.

या सगळ्यांना कधी ना कधी गाठणारी एक गोष्ट म्हणजे कंबर. 'उसण भरली', 'चमक आली', 'पाठ धरली' अशी तिची अनेक नावं. मग शेक, बाम, मालिश आणि कमरेचा पट्टा हा क्रम सुरू होतो. दुखणं थांबलं तर ठीक. नाही थांबलं तर खेळाडू एक तर ते लपवून खेळत राहतो किंवा घाबरून हालचालच बंद करतो. दोन्हींत नुकसान त्याचंच.

गेल्या काही वर्षांत या दुसऱ्या गटासाठी, म्हणजे हालचालीला घाबरलेल्या रुग्णांसाठी, एक वेगळा उपाय चर्चेत आला आहे: व्हर्च्युअल रिॲलिटी, अर्थात व्हीआर गेम. डोळ्यांवर हेडसेट लावायचा आणि खेळता खेळता पाठ मोकळी करायची. हे खरंच काम करतं का? कुणासाठी? आणि एकलहऱ्यासारख्या गावातल्या खेळाडूला त्याचा काय उपयोग?

खेळाडूंची पाठ का दुखते?

पाठदुखी ही फक्त खेळाडूंची तक्रार नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या आकडेवारीनुसार २०२० मध्ये जगभरात ६१.९ कोटी लोकांना कंबरदुखी होती आणि २०५० पर्यंत हा आकडा ८४.३ कोटींवर जाण्याचा अंदाज आहे. पण खेळाडूंच्या पाठदुखीची कारणं थोडी वेगळी असतात.

वेगवान गोलंदाज चेंडू टाकताना पाठ मागे वाकवतो, एका बाजूला झुकवतो आणि त्याच क्षणी पिळतो. हे दिवसातून शंभर वेळा झालं की कमरेच्या खालच्या मणक्यांवर, विशेषतः चौथ्या आणि पाचव्या मणक्यावर, ताण साचत जातो. त्यातून हाडाला बारीक तडा जाऊ शकतो. यालाच स्ट्रेस फ्रॅक्चर म्हणतात. उजव्या हाताने गोलंदाजी करणाऱ्याला तो बहुतेकदा डाव्या बाजूला होतो. वाढत्या वयातल्या मुलांना याचा धोका जास्त, कारण त्यांचं हाड अजून पक्कं झालेलं नसतं.

रोइंगमध्ये याच्या उलट घडतं. तिथे पाठ पुढे वाकते आणि त्याच स्थितीत जोर लावावा लागतो. म्हणूनच रोइंगपटूंच्या दुखापतींत कंबर सर्वांत वरच्या स्थानी असते. नाशिक जिल्ह्याला हा खेळ परका नाही. चांदवड तालुक्यातल्या तळेगाव रोहीचा दत्तू भोकनळ २०१६ च्या रिओ ऑलिंपिकमध्ये एकेरी स्कल्समध्ये तेरावा आला होता आणि २०१८ च्या जकार्ता आशियाई स्पर्धेत सुवर्ण जिंकणाऱ्या भारताच्या चौघांच्या संघात होता.

धावपटूंचं दुखणं अनेकदा कडक रस्त्यावरचं धावणं, अचानक वाढवलेलं अंतर आणि कमकुवत पोट-नितंबांचे स्नायू यांतून येतं. भरतीची तारीख जाहीर झाली की महिनाभरात दुप्पट धावणाऱ्यांना हे लगेच पटेल.

दुखणं वेळ किती खातं, हे मोठ्या खेळाडूंकडे पाहिलं की कळतं. जसप्रीत बुमराह पाठीच्या दुखापतीमुळे २०२२ च्या टी-२० विश्वचषकाला मुकला. मार्च २०२३ मध्ये त्याच्यावर न्यूझीलंडमध्ये शस्त्रक्रिया झाली आणि तो भारतीय संघात परतला ऑगस्ट २०२३ मध्ये. मुंबईकर श्रेयस अय्यर पाठीच्या शस्त्रक्रियेमुळे २०२३ ची संपूर्ण आयपीएल खेळू शकला नाही. सर्वोत्तम वैद्यकीय पथक हाताशी असताना ही स्थिती. गावातल्या खेळाडूकडे ना तेवढा पैसा, ना तेवढा वेळ. लष्करातल्या अग्निवीर भरतीसाठी वयाची मर्यादा असते. तिथे एक हुकलेलं वर्ष म्हणजे कायमची हुकलेली संधी ठरू शकते.

दुखापत भरली, तरी दुखणं का राहतं?

व्हीआर समजून घेण्याआधी हा मुद्दा समजून घ्यावा लागतो.

दुखणं हे शरीरातल्या बिघाडाचं मीटर नाही. ती मेंदूने दिलेली धोक्याची सूचना आहे. ताज्या दुखापतीत ही सूचना उपयोगाची असते. पण तीन महिन्यांपेक्षा जास्त टिकलेल्या, म्हणजे जुनाट पाठदुखीत, अनेकदा इजा भरून आलेली असते आणि सूचना मात्र वाजतच राहते. चोर निघून गेला तरी कुत्रं भुंकत राहावं, तसं.

यात भर पडते भीतीची. 'वाकलो तर पुन्हा चमक येईल' या विचाराने माणूस कंबर ताठ ठेवतो. स्नायू आखडतात, ताकद कमी होते आणि मग थोडं वाकलं तरी दुखतं. भीती खरी ठरल्यासारखी वाटते आणि ती आणखी पक्की होते. या हालचालीच्या भीतीला वैद्यकीय भाषेत कायनेसिओफोबिया म्हणतात. ती मोजण्यासाठी टॅम्पा स्केल नावाची १७ प्रश्नांची चाचणी वापरली जाते. तिचे गुण १७ ते ६८ दरम्यान असतात. गुण जितके जास्त, तितकी भीती जास्त.

खेळाडूच्या बाबतीत ही भीती फार महागात पडते. ताकद परत आलेली असते, एमआरआय स्वच्छ असतो, पण चेंडू टाकताना शरीर मागे वाकायलाच तयार होत नाही. किंवा कबड्डीत चढाई करताना तो अर्धा क्षण थबकतो आणि पकडला जातो.

व्हीआर गेम इथे काय करतो?

व्हीआर हेडसेट डोळ्यांसमोर त्रिमितीय दृश्य उभं करतो. मान वळवली की दृश्यही वळतं. हातातले कंट्रोलर किंवा अंगावरचे सेन्सर शरीराची हालचाल टिपतात आणि ती खेळात उतरते. समोरून येणारा चेंडू चुकवायचा, जमिनीजवळची वस्तू उचलायची, कंबर डावी-उजवीकडे झुकवून निशाणा साधायचा, असे हे खेळ असतात. रिहॅबमध्ये त्यांचा उपयोग चार प्रकारे होतो.

पहिला, लक्ष वळवणं. मेंदूची एका वेळी लक्ष देण्याची क्षमता मर्यादित असते. ती खेळात गुंतली की दुखण्याच्या वाट्याला कमी येते. १९९० च्या दशकात अमेरिकेतल्या वॉशिंग्टन विद्यापीठात हंटर हॉफमन आणि डेव्हिड पॅटरसन यांनी याच तत्त्वावर भाजलेल्या रुग्णांसाठी काम सुरू केलं. त्यातून 'स्नोवर्ल्ड' हा खेळ तयार झाला. जखमेची मलमपट्टी सुरू असताना रुग्ण बर्फाळ दरीतून जात हिमगोळे फेकतो आणि वेदना कमी जाणवतात.

दुसरा, भीती मोडणं. 'आता वाका' असं सांगितलं की रुग्ण सावध होतो. चेंडू चुकवायचा असेल तर तो आपोआप वाकतो. वाकूनही काही झालं नाही, हा अनुभव मेंदू नोंदवून घेतो.

तिसरा, डोळ्यांना वेगळी माहिती देणं. ऑस्ट्रेलियातल्या संशोधकांनी २०१५ मध्ये मानदुखीच्या २४ रुग्णांवर एक प्रयोग केला. रुग्ण प्रत्यक्षात जितकी मान वळवत होता, त्यापेक्षा दृश्य थोडं कमी वळवून दाखवलं, तेव्हा न दुखता मान वळण्याची मर्यादा साधारण ६ टक्क्यांनी वाढली. दृश्य जास्त वळवून दाखवलं, तेव्हा ती साधारण ७ टक्क्यांनी घटली. मान तीच, दुखणं तेच. फरक होता तो डोळ्यांना काय दिसलं याचा. दुखणं कधी सुरू होणार हे ठरवताना मेंदू डोळ्यांचंही ऐकतो, हे त्यातून दिसलं.

चौथा, कंटाळा घालवणं. पाठीचे व्यायाम नीरस असतात. दहा-दहाचे तीन सेट रोज, तेही आठवडेच्या आठवडे. बरेच जण बरं वाटू लागलं की ते सोडून देतात. गुण, पातळ्या आणि स्वतःचाच विक्रम मोडण्याची चुरस खेळाडू मनाला लवकर धरते. शिवाय किती अंश वाकलं, किती वेळा वाकलं, याची नोंद आपोआप होते.

संशोधन काय सांगतं?

अमेरिकेत जेम्स थॉमस आणि सहकाऱ्यांनी 'व्हर्च्युअल डॉजबॉल' तयार केला. आपल्याकडच्या आबाधोबीसारखाच हा प्रकार, समोरून येणारा चेंडू अंगावर घ्यायचा नाही. जुनाट कंबरदुखी आणि हालचालीची भीती असलेल्या ५२ जणांवर त्यांनी याची चाचणी घेतली. तीन दिवस खेळ झाला. निष्कर्ष २०१६ मध्ये प्रसिद्ध झाले. खेळ सुरक्षित ठरला, लोकांना आवडला आणि खेळताना त्यांची कंबर दिवसागणिक जास्त वाकू लागली. पण खेळ संपल्यावर, साध्या वस्तूकडे हात नेताना, तितका फरक दिसला नाही. तीन दिवसांत दुखणंही कमी झालं नाही.

हा निकाल निराशाजनक वाटेल, पण तो महत्त्वाचा आहे. खेळात कमावलेली हालचाल मैदानात आपोआप उतरत नाही, हे त्यातून कळलं.

खेळाडूंवर थेट झालेल्या अभ्यासांत सौदी अरेबियातल्या प्रिन्स सत्ताम बिन अब्दुलअझीझ विद्यापीठाच्या संशोधकांचं काम ठळक आहे. जुनाट कंबरदुखी असलेल्या विद्यापीठ स्तरावरच्या फुटबॉलपटूंचे त्यांनी गट केले. एका गटाला चार आठवडे व्हीआर प्रशिक्षण दिलं, इतरांना वेगळ्या प्रकारचे व्यायाम. व्हीआर गटात दुखणं आणि हालचालीची भीती दोन्ही इतरांपेक्षा जास्त कमी झाली. मात्र गट छोटे होते आणि कालावधीही कमी होता.

तिसरं उदाहरण मान्यताप्राप्त उपकरणाचं. १६ नोव्हेंबर २०२१ रोजी अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने, म्हणजे एफडीएने, जुनाट कंबरदुखीसाठी 'ईझव्हीआरएक्स' या व्हीआर प्रणालीला परवानगी दिली. तिचं नाव पुढे 'रिलीव्हआरएक्स' झालं. आठ आठवडे, रोज २ ते १६ मिनिटं, अशी एकूण ५६ सत्रं. १७९ जणांच्या चाचणीत निम्म्यांना ही प्रणाली मिळाली. उरलेल्यांनाही हेडसेटच दिला, पण त्यात साधी द्विमितीय दृश्यं होती. पहिल्या गटातल्या ६६ टक्के लोकांचं दुखणं ३० टक्क्यांहून जास्त कमी झालं. दुसऱ्या गटात हे प्रमाण ४१ टक्के होतं.

इथे दोन गोष्टी लक्षात घ्यायला हव्यात. एक, साधी दृश्यं पाहणाऱ्यांपैकीही ४१ टक्क्यांना बरं वाटलं. म्हणजे हेडसेट लावण्यातूनच काही अपेक्षा तयार होते आणि तिचाही परिणाम होतो. दोन, ही प्रणाली पळापळीचा गेम नाही. श्वास, शिथिलीकरण आणि विचारांची सवय बदलणं यावर ती आधारलेली आहे. ती १८ वर्षांवरील प्रौढांसाठी आहे, खेळाडूंसाठी खास बनवलेली नाही.

या सगळ्याच्या बाजूला एक जुना, साधा पुरावाही ठेवायला हवा. जुनाट कंबरदुखीवर व्यायामाचा उपयोग होतो का, याचा कॉक्रेनने २०२१ मध्ये आढावा घेतला. त्यात २४९ चाचण्या होत्या. काहीच न करण्यापेक्षा किंवा नेहमीच्या उपचारांपेक्षा व्यायामाने दुखणं कमी होण्याची शक्यता जास्त आहे, असा त्याचा निष्कर्ष. व्हीआरच्या बाजूने इतका मोठा पुरावा अजून जमलेला नाही. त्यामुळे व्हीआर ही व्यायामाची जागा घेणारी गोष्ट नाही, व्यायाम करून घेणारी गोष्ट आहे.

रिहॅबमध्ये व्हीआर कधी यायला हवं?

खेळाडूचं रिहॅब साधारण टप्प्याटप्प्याने जातं.

सुरुवातीला निदान. दुखणं स्नायूचं आहे, मणक्यातल्या गादीचं आहे की हाडाला तडा गेला आहे, हे आधी ठरायला हवं. तडा असेल तर विश्रांतीला पर्याय नाही. अशा वेळी गेममध्ये रमून पाठ पिळणं म्हणजे तडा वाढवणं. दुखणं जाणवू न देणं ही व्हीआरची ताकद आहे आणि इथे तीच धोकादायक ठरते.

दुसरा टप्पा हलक्या हालचालींचा आणि पोट, पाठ, नितंब यांच्या स्नायूंना पुन्हा कामाला लावण्याचा. भीती जास्त असेल तर व्हीआरचा सर्वाधिक उपयोग इथे होऊ शकतो.

तिसरा टप्पा ताकदीचा. इथे हेडसेटपेक्षा वजनं, डेडलिफ्ट, प्लँक आणि पायऱ्या जास्त कामाच्या.

चौथा टप्पा मैदानात परतण्याचा. गोलंदाजाने आठवड्याला किती चेंडू टाकायचे, धावपटूने किती किलोमीटर वाढवायचे, याचा हिशेब ठेवत भार हळूहळू वाढवायचा. हा टप्पा कुठलाही गेम पार पाडून देऊ शकत नाही.

धोके कोणते?

सर्वांत नेहमीचा त्रास म्हणजे मळमळ आणि चक्कर. डोळ्यांना हालचाल दिसते, पण कानातल्या तोल सांभाळणाऱ्या यंत्रणेला ती जाणवत नाही. घाटात बस लागते तसाच हा प्रकार. एफडीएने मान्यता दिलेल्या प्रणालीच्या चाचणीत ९.७ टक्के लोकांना मळमळ किंवा चक्कर जाणवली, तर २०.८ टक्क्यांना हेडसेटमुळे अस्वस्थ वाटलं. गंभीर दुष्परिणाम आढळले नाहीत.

डोळे झाकलेले असल्याने अडखळून पडण्याचाही धोका असतो. फिट येण्याचा इतिहास असेल तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय हेडसेट लावू नये.

पुढील लक्षणं असतील तर व्हीआर, मालिश, पट्टा सगळं बाजूला ठेवून तातडीने डॉक्टरांकडे जायला हवं:

- लघवी किंवा शौचावरचं नियंत्रण जाणं
- मांड्यांच्या मधल्या भागात बधिरपणा
- पायातली ताकद कमी होत जाणं
- ताप किंवा कारणाशिवाय वजन घटणं
- रात्री झोपमोड करणारं, आडवं पडूनही न थांबणारं दुखणं
- पडल्यानंतर किंवा जोराचा मार लागल्यानंतर सुरू झालेलं दुखणं

अठरा वर्षांखालच्या गोलंदाजाला पाठ मागे वाकवताना एका बाजूला दुखत असेल आणि दोन-तीन आठवड्यांत ते थांबत नसेल, तर स्ट्रेस फ्रॅक्चरची तपासणी करून घेणं शहाणपणाचं. सुरुवातीच्या काळात साध्या एक्स-रेमध्ये असा तडा दिसेलच असं नाही. त्यासाठी अनेकदा एमआरआय लागतो.

एकलहऱ्यातल्या खेळाडूने काय करावं?

पहिली गोष्ट, दुखणं लपवू नये. भरतीची तारीख जवळ आली म्हणून वेदनाशामक गोळी घेऊन धावणं हा सर्वांत वाईट पर्याय आहे.

दुसरी गोष्ट, योग्य माणसाकडे जावं. महाराष्ट्र आरोग्य विज्ञान विद्यापीठाचं मुख्यालय नाशिकमध्येच आहे आणि राज्यातल्या फिजिओथेरपीच्या पदव्या १९९८ मध्ये स्थापन झालेल्या याच विद्यापीठाच्या अखत्यारीत येतात. फिजिओथेरपिस्टची पदवी आणि राज्य परिषदेकडची नोंदणी विचारण्यात गैर काही नाही. 'मशीन लावतो', 'हाड बसवतो' असं सांगणारा प्रत्येक जण फिजिओथेरपिस्ट नसतो.

तिसरी गोष्ट, एखाद्या क्लिनिकमध्ये व्हीआर सुचवलं तर काही प्रश्न विचारावेत. निदान काय आहे? या गेममधून नेमकी कोणती हालचाल करून घ्यायची आहे? सोबत व्यायाम कोणते? किती सत्रांनंतर आणि कशावरून फायदा मोजणार? उत्तरं स्पष्ट नसतील तर हेडसेटचे पैसे वाचवलेले बरे.

चौथी गोष्ट, मोबाइल घालून वापरायचे पुठ्ठ्याचे किंवा प्लॅस्टिकचे स्वस्त चष्मे म्हणजे रिहॅबचं व्हीआर नाही. ते फक्त मान कुठे वळली एवढंच ओळखतात. कंबर किती वाकली, शरीर पुढे गेलं की मागे, हे त्यांना कळत नाही. दृश्य पाहून मन रमेल, पण पाठीचा व्यायाम होणार नाही.

आणि हेडसेट नसेल तर? त्यामागचं तत्त्व मात्र फुकट आहे. भीती वाटणारी हालचाल छोट्या, सुरक्षित मापात, खेळाच्या रूपात पुन्हा पुन्हा करायची. फिजिओथेरपिस्टने हिरवा कंदील दिल्यावर एखादा मित्र हलका प्लॅस्टिकचा चेंडू टाकेल, खेळाडू तो चुकवेल. आधी गुडघ्याच्या उंचीवर, मग घोट्याच्या. जमिनीवर खडूने आखलेल्या खुणांना वाकून हात लावायचा आणि रोजचा आकडा वहीत लिहायचा. मोबाइलवर गोलंदाजीची ॲक्शन चित्रित करून आठवड्याआधीच्या चित्रफितीशी ताडून पाहायची. यातली कुठलीही गोष्ट हेडसेटइतकी आकर्षक नाही. पण डॉजबॉलच्या प्रयोगात राहून गेलेली अडचण इथे बरीच कमी असते. कारण हा सराव खऱ्या मैदानावर, खऱ्या चेंडूने होतो.

व्हीआरमुळे पाठ दुरुस्त होत नाही. घाबरलेल्या खेळाडूला पहिल्यांदा वाकायला लावणं, एवढं काम ते चांगलं करू शकतं. त्यानंतरचे कित्येक आठवडे नेहमीचेच असतात: व्यायाम, विश्रांती, मोजून वाढवलेला भार आणि घाई न करणं.